पहिल्यांदाच ऑटोक्रॉसला उतरतेय, घरचीच स्विफ्ट घेऊन. काय तयारी करू?

पांडवकडा
नमस्कार मंडळी. मी खारघरला राहते, नोकरी महाप्याला. गाडी २०१९ची पेट्रोल स्विफ्ट, मॅन्युअल, ७१ हजार किलोमीटर झालेत. ऑफिसातल्या मैत्रिणीच्या आग्रहानं महिन्याभरावर आलेल्या एका ऑटोक्रॉसला नाव देऊन बसलेय. एमआयडीसीतल्या एका बंद कारखान्याचं काँक्रीटचं आवार आहे. तिथे केशरी प्लास्टिकचे कोन लावून वाट आखणार, एका वेळी एकच गाडी सोडणार, घड्याळ लावून वेळ मोजणार. प्रत्येकाला चार रन. कोन पाडला की ५ सेकंद वाढणार, वाट चुकली की रन बाद.

मला गाडी चालवायला मनापासून आवडतं, पण रोज ठाणे-बेलापूर रोडवर तिसऱ्या गिअरच्या वर जायला मिळालं तरी नशीब. एकदा तरी गाडी खरी काय करू शकते ते बघायचंय. मात्र सोमवारी ह्याच गाडीनं ऑफिसला जायचंय आणि मुलाला क्लासला सोडायचंय, त्यामुळे ती धड घरी आली पाहिजे.

खर्चासाठी ३० हजार बाजूला काढलेत. टायर घेऊ, की एअर फिल्टर, की ब्रेक पॅड? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

घोडबंदरी
आम्ही गायमुखपासून माजिवड्यापर्यंत रोज खड्डे चुकवत येतो, म्हणजे आमचं तर रोजचंच ऑटोक्रॉस झालं की! फरक एवढाच, कोनला धक्का लागला तर ५ सेकंद, रिक्षाला लागला तर पाऊण तास. :)
ताई, मनापासून शुभेच्छा. धागा वाचतोय.

वागळे_इस्टेट
माझं गॅरेज आहे, अशा गाड्या दरवर्षी तयार करून देतो. ३० हजार खिशातच राहू द्या. एअर फिल्टरनं १२०० सीसीच्या इंजिनाला आवाज येईल, वेळ कमी होणार नाही.

आधी ब्रेक ऑइल बघा. शेवटचं कधी बदललं? ते हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पाणी मुरलेल्याचा १५५ अंशांपर्यंत उतरतो. रोजच्या रस्त्यावर हे कळत नाही. पण एका मिनिटात आठ-दहा वेळा कचकचून ब्रेक मारलात की ऑइल आत उकळतं, बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. दोन वर्षं उलटली असतील तर बदला, हजाराच्या आसपास खर्च. पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक असतील तर तेच चालतील.

मग चाकांचे नट टॉर्क पाना लावून घट्ट करा, बॅटरीची पट्टी हलते का बघा, खालून कुठे तेल गळतंय का बघा. स्क्रुटिनीला, म्हणजे रनच्या आधीच्या गाडीच्या तपासणीला, हेच बघतात. आदल्या रात्री डिकी रिकामी करा. स्टेपनी, जॅक, पाना, छत्री, मुलाचा बॉल, सगळं. ड्रायव्हरच्या पायाखालचा मॅट तर काढायचाच. तो सरकून ब्रेकखाली गेला की काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय, सांगत बसत नाही.

सानपाडा_९
पाम बीच रोडला रात्री एकनंतर जाऊन दोन-चार दिवस सराव करा. रस्ता मोकळा असतो, हात बसेल.

मासुंदा
सानपाडा, हा सल्ला कृपया मागे घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार सार्वजनिक जागी शासनाच्या लेखी संमतीशिवाय शर्यत लावणं किंवा वेगाची चाचणी करणं हा गुन्हा आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि कायदा सोडा, पहाटे त्या रस्त्यावर लोक सायकली घेऊन येतात, नेरूळच्या बाजूनं चालायला येतात. ऑटोक्रॉसमध्ये हीच हौस रस्त्याबाहेर, कोणाच्या अंगावर न जाता भागते.

सानपाडा_९
मान्य. इतका विचार केला नव्हता. शब्द मागे घेतो.

येऊरचा_वारा
सात-आठ वेळा उतरलोय, त्यातल्या पहिल्या दोन वेळा शेवटून पहिला. तिसऱ्या वेळी एका जुन्या माणसानं हाताला धरून कोर्सवर, म्हणजे कोननं आखलेल्या वाटेवर, पायी चालवलं आणि माझ्या वेळेतून चार सेकंद गेले. गाडी तीच, टायर तेच. म्हणून चालण्याबद्दलच लिहितो.

सकाळी कोर्स चालायला देतात. बहुतेक जण मित्रांशी गप्पा मारत एक चक्कर मारतात. तुम्ही तीनदा चाला. पहिल्यांदा फक्त वाट पाठ करायची: कुठल्या दोन कोनमधून जायचं, कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे. आडवा पडलेला कोन असतो तो बाणासारखा, त्याचं टोक ज्या उभ्या कोनकडे असेल तो कोन कुठल्या बाजूनं घ्यायचा ते दाखवतो. दुसऱ्यांदा मध्ये मध्ये खाली बसा, ड्रायव्हिंग सीटच्या उंचीवर डोळे आणा. उभ्यानं जी वाट स्वच्छ दिसते ती खाली बसल्यावर नुसती केशरी गर्दी होते. पहिल्याच रनला लोक चुकतात त्याचं कारण हेच. तिसऱ्यांदा एकटं चाला, कोणाशी न बोलता, आणि प्रत्येक वळणाला शेवटापासून उलटा विचार करा: इथून बाहेर पडताना गाडीचं तोंड कुठे हवंय? मग आत कुठून शिरायचं ते आपोआप ठरतं.

जमीनही बघून ठेवा. काँक्रीटच्या पट्ट्यांचे सांधे, सांडलेलं ऑइल, कडेची बारीक खडी. बंद कारखान्यात सिमेंटची भुकटी असते, तिच्यावर ब्रेक मारला की चाक नुसतं घसरतं.

चालून झालं की गाडीत बसा, डोळे मिटा आणि पूर्ण कोर्स मनात चालवा. एखाद्या वळणाशी अडखळलात तर उठून तेवढं परत बघून या.

कोपरी_पूल
जरा विषयांतर. माझी गाडी एएमटी आहे, क्लच नसलेली, गिअर आपोआप बदलणारी. ह्या भानगडीत पडावं का? गिअर बदलताना ती अर्धा क्षण झोपते.

वागळे_इस्टेट
पडा की. लिव्हर मॅन्युअलला टाका, सुटल्यावर लगेच दुसरा घ्या आणि शेवटपर्यंत दुसऱ्यातच राहा. दुसऱ्यात ७० पर्यंत आरामात जाते आणि अशा आवारात त्याहून जास्त वेग क्वचितच लागतो. मॅन्युअलवाल्यांनीही हेच करावं. गिअर बदलण्यात जाणारं लक्ष वळणाला द्या.

मासुंदा
आता माझी कर्मकहाणी, कारण हे कोणी आधी सांगत नाही. चार वर्षांपूर्वी अशाच एका इव्हेंटमध्ये माझी गाडी घसरून कडेच्या ड्रमवर गेली. बंपर, हेडलाइट, रेडिएटर. मी इन्शुरन्स कंपनीला खरं ते सांगितलं आणि क्लेम नामंजूर झाला. चिडलो, भांडलो, मग पॉलिसी काढून वाचली. 'वापराच्या मर्यादा' म्हणून एक भाग असतो. त्यात संघटित शर्यत, पेस मेकिंग, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल ह्यांसाठी वापरलेली गाडी कव्हरमध्ये नाही असं सरळ लिहिलंय. खाजगी गाडीच्या आपल्याकडच्या पॉलिसीत हे कलम असतंच. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारं जादा कव्हर, घेतलंत तरी फरक पडत नाही.

म्हणजे त्या आवारात जे तुटेल ते आपल्या खिशातून. तुमचे ३० हजार त्यासाठी ठेवा. आणि घरी जाताना रस्त्यावर ठोकली असं सांगून क्लेम टाकायचा सल्ला तिथे मिळेल, तो ऐकू नका, ती फसवणूक आहे.

आयोजकांनाही विचारा: परवानगी कोणाची आहे, अँब्युलन्स आणि अग्निशामक सिलिंडर आहेत का, मोटरस्पोर्टची राष्ट्रीय संघटना एफएमएससीआय, तिच्या नियमांप्रमाणे इव्हेंट आहे का. उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर नाव काढून घ्या.

पांडवकडा
मासुंदा, हे कळलं नसतं तर मी खरंच गाफील राहिले असते. आजच पॉलिसी काढून वाचली, शब्द न् शब्द तसाच आहे. आयोजकांना फोन केला. त्यांनी सगळी उत्तरं नीट दिली आणि परवानगीचा कागदही पाठवला.
मी नवऱ्यालाही वाचून दाखवलं. तो दोन मिनिटं गप्प राहिला आणि मग म्हणाला, "हळू जा असं सांगून उपयोग नाही, पण ड्रमपासून लांब राहा."

नेरूळकर_काका
पांडवकडा, मुली, वय झालं म्हणून आता फक्त मार्शल म्हणून, कोर्सवर लक्ष ठेवायला, उभा राहतो. पण बरीच वर्षं जिप्सी आणि एस्टीमनं मातीतल्या ऑटोक्रॉस केल्या. दोन-तीन गोष्टी सांगतो.

बसणं. सीट इतकी पुढे घे की पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकलं पाहिजे आणि क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. हात पावणेतीनवर. आता पट्टा. साधा पट्टा वळणात ढिला असतो, मग आपण स्टिअरिंगला लोंबकळतो आणि हाताला चाकांचं काही कळत नाही. सीट दोन खाचा मागे ने, पट्टा लाव, छातीपाशी धरून जोरात झटका दे म्हणजे तो अडकेल. तसा अडकलेला असतानाच सीट पुढे घे. अंग सीटला बांधल्यासारखं होतं. करून बघ, गाडी एकदम वेगळी वाटेल.

हवा. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिली असेल त्याहून पुढच्या चाकांत ४-५ जास्त मार, मागे एखाद-दुसरी. टायरच्या कडेवर छापलेल्या कमाल आकड्याच्या वर मात्र जायचं नाही. स्विफ्टसारख्या गाडीत वजन, वळणं, ओढणं सगळं पुढच्या चाकांवर, त्यामुळे हवा कमी असली तर टायर वळणात आडवा लोळतो आणि कडेवर घासतो. खडू घे, टायरच्या काठापासून खाली दोन बोटं खडूची रेघ ओढ, रन मारून ये आणि बघ खडू कुठपर्यंत पुसला. टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण असतो, तिथपर्यंत पुसला तर बरोबर. त्याच्या खाली गेला तर हवा वाढव. वरच राहिला तर थोडी सोड. रनगणिक टायर तापतो, हवा वाढते, म्हणून गेज जवळच ठेव.

आणि टायरची तारीख बघ. कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष.

पांडवकडा
काका, आत्ता टॉर्च घेऊन खाली पार्किंगमध्ये जाऊन आले. ०८१९. चारही. नख रोवून बघितलं तर रबर प्लास्टिकसारखं कडक लागतंय, आणि खाचांच्या तळाशी बारीक भेगा आहेत.

वागळे_इस्टेट
मग माझं वरचं वाक्य बदलतो. टायर घ्या, आणि ते ऑटोक्रॉससाठी नाही, पावसात शिळफाट्याला सिग्नलशी गाडी थांबावी म्हणून. सहा वर्षं झालेला, भेगा पडलेला टायर रोजच्या वापरालाही ठेवू नये. महागडे, स्पोर्टी घेऊ नका. गाडीबरोबर आलेला साइज, चांगल्या कंपनीचा साधा टायर.

घोडबंदरी
बजेट कमी पडलं तर दोनच घेतले तर? पुढे टाकायचे ना नवे?

नेरूळकर_काका
दोनच घेतले तर नवे मागे. पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाते, स्टिअरिंग हलकं लागतं, आपल्याला कळतं, पाय उचलला की सावरते. मागची घसरली तर कळेपर्यंत गाडी फिरलेली असते. ऑटोक्रॉसला काही जण मुद्दाम उलटं करतात, गाडीचं तोंड पटकन वळावं म्हणून. ते त्यांनी करावं, त्यांना सोमवारी त्याच गाडीतून मुलगा न्यायचा नसतो. आणि इव्हेंटच्या आधी नव्या टायरवर दीड-दोनशे किलोमीटर शांतपणे चालव. नवं रबर सुरुवातीला गुळगुळीत असतं.

येऊरचा_वारा
नजरेबद्दल राहिलं होतं. घोडबंदरी, तुमच्या विनोदात एक खरी गोष्ट दडलेली आहे. खड्डे चुकवून चुकवून आपल्याला बोनेटच्या पुढच्या दहा मीटरवर बघायची सवय लागलेली असते. ताशी ५० ला गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. म्हणजे जो कोन तुम्ही बघताय त्याबद्दल करण्यासारखं काही उरलेलंच नसतं. नजर नेहमी पुढच्या कोनवर, आणि तो बाजूला येण्याआधी त्याच्या पुढच्यावर. शेजारचा कोन पडेल ही भीती वाटते, पण ज्याच्याकडे बघाल त्याच्यावरच गाडी जाते.

स्लॅलममध्ये, म्हणजे ओळीनं लावलेल्या कोनमधून नागमोडी जाताना, पहिला कोन सगळ्यात महत्त्वाचा. तिथे उशीर झाला तर तो उशीर प्रत्येक कोनला वाढत जातो आणि चौथ्याला तुम्ही बाहेर. कोन दाराशी येईपर्यंत स्टिअरिंग पुढच्या कोनकडे परत फिरायला लागलेलं असावं.

आणि गाडी वळत नाहीये असं वाटलं की आपण स्टिअरिंग आणखी पिळतो. त्यानं टायर आणखी घसरतो. थोडं सोडा, ॲक्सिलरेटर हलका करा, वजन पुढे येईल, पकड येईल. पण मागचा भाग निसटतोय असं वाटलं तर पाय एकदम उचलू नका.

ह्याचा सराव रोजच्या रस्त्यावर, ठरलेल्या वेगात, कोणालाही त्रास न देता होतो. महाप्याला जाताना पुढच्या गाडीच्या नंबर प्लेटऐवजी तिच्या पलीकडे दोन गाड्या बघत जा.

एपीएमसी_हापूस
खाण्यापिण्याचं कोणीच बोललं नाही! दिवसभर काँक्रीटवर उभं राहायचंय, नवी मुंबईची दमट हवा, वर हेल्मेट. पाणी पाच लिटर, ओआरएस, केळी, टोपी. मिसळ शनिवारी खा, रविवारी नाही. मी मामलेदारची खाऊन गेलो होतो, दुसऱ्या रनला कोर्सपेक्षा पोटाकडेच लक्ष जास्त. :)
एसी बंद ठेवा, कॉम्प्रेसर थोडी ताकद खातो. आणि रन संपवून आलात की हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये टाकून ठेवा, ब्रेक निवू द्या.

कोपरी_पूल
+१. हेल्मेटबद्दल: बाइकचं आयएसआयवालं चालतं का?

मासुंदा
आयोजकांच्या नियमात बघा, बऱ्याच हौशी इव्हेंटना चालतं. पण सीटवर बसून घालून बघा आधी. माझ्या उंचीला डोकं छताला लागत होतं, सीटची पाठ दोन खाचा मागे झुकवावी लागली.

पांडवकडा
सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल झालं. सविस्तर लिहिते.

टायर चारही बदलले, साधे, साडेबावीस हजारात. ब्रेक ऑइल बदललं, जुनं चहासारखं काळपट निघालं. बाकी काही नाही.

कोर्स तीनदा चालले. तिसऱ्यांदा एकटी चालताना लोक बघत होते, मी मान खाली घालून हातानं स्टिअरिंग फिरवत होते. तरीही पहिली रन बाद! कोनच्या दोन जोड्या ओलांडल्यावर डावीकडे वळायचं होतं, समोर केशरी भिंत दिसली आणि मी सरळ गेले. येऊरचा वारा, तुम्ही लिहिलं होतं तसंच झालं. परत येऊन गाडीत डोळे मिटून बसले.

दुसरी रन ६१.८, एकही कोन नाही. तिसरीला अंगात आलं. ५७.९! पण स्लॅलमच्या तिसऱ्या कोनशी भीती वाटली, त्याच्याकडे बघितलं, आणि धप्प. पुढे आणखी एक. दुसरा कोन बंपरखाली अडकला आणि शेवटपर्यंत खर्रर्र आवाज करत आला. एका मार्शलनं पोटावर झोपून ओढून काढला. म्हणजे ६७.९.

चौथ्याच्या आधी खडू बघितला. पुढच्या उजव्या टायरचा त्रिकोणाच्या खाली पुसलेला होता. पुढे ३६ होती, ३८ केली. पट्ट्याचा झटका, सीट पुढे, हात पावणेतीनवर. पहिल्या कोनला मुद्दाम थोडी हळू शिरले आणि मग जणू कोणी वाट उलगडत गेलं. एका ठिकाणी गाडीचं तोंड वळेना, हात आणखी पिळायला निघाले होते, थांबवले, पाय हलका केला, आणि पुढची चाकं जमिनीला धरताना तळहाताला कळली. ७१ हजार किलोमीटर चालवलेली गाडी, हे कधीच कळलं नव्हतं. ५८.६, स्वच्छ. १२०० सीसीच्या गटात १९ जणांत अकरावी.

बंपरवर डाव्या कोपऱ्यात केशरी ओरखडा आहे. पुसायला कापड घेतलं तर मुलानं हातातून काढून घेतलं, म्हणाला, राहू दे, मित्रांना दाखवायचाय.

पुढच्या इव्हेंटला सकाळच्या सत्रात मार्शल म्हणून नाव दिलंय. काका, एक प्रश्न आहे. लांब उजव्या वळणात गाडी अजूनही बाहेर ओढत होती. आता मागे हवा वाढवू का? मागे ३३ होती.

नेरूळकर_काका
शाब्बास! मागे ३५ कर, पुढचं ३८ तसंच ठेव. दोन्हीकडे एकदम हात लावू नकोस, नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही. मागे खडू लाव. पहिली रन जरा राखून मार, कारण मागचा भाग आता लवकर सुटेल. आणि छोटी वही ठेव गाडीत, रन, हवा, वेळ, एवढंच लिही. मार्शलला उभी राहशील तेव्हा स्लॅलमच्या पहिल्या कोनपाशी ड्यूटी मागून घे. तिथून सगळ्यांचे हात दिसतात.

घोडबंदरी
ताई, पुढची तारीख टाका इथे. मी आणि माझी वॅगन आर येतोय. आजच खाली जाऊन टायरची तारीख बघितली, १४२१.